शनिवारचं लोखंड

नागपुरात नोकरीला लागलो तेव्हा मी रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि संध्याकाळी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. कॉलेजातले माझे सहकारी सभांना जात. शहरात सभा पुष्कळ होत. स्वागतगीत, हार, पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचे आभार, हे सगळं उरकेपर्यंत व्याख्यानाला वीस मिनिटं उरत आणि तीही जास्त वाटत. पाच-सहा सभा पाहिल्यावर मी बाजाराकडे वळलो. बाजारात कुणी कुणाचा परिचय करून देत नाही.

सीताबर्डी मला फार मानवली नाही. तिथल्या दुकानांना त्या सुमारास काचेची दारं लागायला सुरुवात झाली होती आणि आत शिरलं की टाय लावलेला एक इसम आपल्या चपलांकडे पाहायचा. मी इतवारीत रमलो. तिथे भांड्यांच्या ओळीत एकाच वेळी चाळीस हातोड्या चालत, त्यामुळे कुणाशी बोलायची सक्ती नसे. एक दुकान नुसत्या दोरांचं होतं. तिथला म्हातारा गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, बांधायचं काय आहे, आणि उत्तर पटलं नाही तर दोर द्यायचा नाही. एक बियाणेवाला पोत्यात हात घालू द्यायचा. वाटाण्याच्या बियांत कोपरापर्यंत हात घातल्यावर जो थंडावा लागतो, तो मे महिन्याच्या नागपुरात दुसरीकडे कुठे मिळत नसे. अबरी कागद विकणारा एक दुकानदार मला रंगीत नक्षीचे ताव एकेक करून उलगडून दाखवायचा. मी काही घेणार नाही हे त्याला माहीत होतं, पण ते ताव दुसऱ्या कुणी इतक्या वेळ पाहतही नव्हतं. महिन्यातून एकदा लाजेखातर मी काहीतरी किरकोळ घ्यायचो. अशा लाजेतून माझ्याकडे सात कुलपं जमली. खोल्यांना दार एकच होतं.

पण खरं सुख शनिवारी होतं. शनिवारी आमचं कॉलेज अर्धा दिवस असे, आणि शनिवारी लोखंड घ्यायचं नाही असा रिवाज होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बोलणारी माणसंसुद्धा शनिवारी खिळा विकत घेत नसत. त्यामुळे लोखंडी भंगाराची गल्ली त्या दिवशी ओस पडायची. दुकानं उघडी असत, कारण घरी बसून दुकानदारांना कंटाळा यायचा. एरवी गल्लीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न यायचा, ‘क्या चाहिए?’ शनिवारी हा प्रश्न कुणीच विचारत नसे. बंद पडलेल्या जिनिंगची चाकं, रेल्वेचे कंदील, धान्याची मापं, मूठ नसलेल्या करवती, दार नसलेल्या बिजागऱ्या, सगळं उचलून पाहावं, उलटं करावं, हे कशाचं आहे म्हणून विचारावं, आणि चहा पीत त्याचं चरित्र ऐकावं.

त्या गल्लीच्या टोकाला एका वयस्क बोहरा गृहस्थांचं दुकान होतं. मी त्यांना चाचा म्हणायचो. एका शनिवारी तिथे गेलो तर ढिगाजवळ उकिडवा बसलेला माणूस ओळखीचा निघाला. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला दप्तरी. फाटकी पुस्तकं शिवणं, त्यांना पुठ्ठे चढवणं, हे त्याचं काम. पंचवीस वर्षं तो तेच करत होता आणि आम्ही सगळे त्याला दप्तरीभाऊ म्हणायचो.

“तुम्ही इथं काहून, सर?” त्याने विचारलं. “शनिवार हाय आज.”

“म्हणूनच आलो. तुम्हाला चालतो वाटतं शनिवार?”

“आमी तं छप्पन साली ते सगळं सोडलं. देव सोडले, मंग शनि काहून ठेवू?” मग चाचांकडे वळून तो म्हणाला, “सेठ, ह्या साखळीचा काय भाव?”

चाचांनी भाव सांगितला. दप्तरीभाऊने मान हलवली आणि उठला. पुढच्या शनिवारी त्याने तोच प्रश्न विचारला. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, माणसाला साखळीची फार गरज दिसते. चौथ्या की पाचव्या शनिवारी परत येताना त्याने मला खरं सांगितलं.

दुकानाच्या मागच्या भिंतीशी, गाडीच्या स्प्रिंगांखाली एक शिकंजा पडलेला होता. खाली जाड लोखंडी पाट, वर तसाच दुसरा, मधोमध मनगटाएवढा स्क्रू, त्याला धरणारी कमान आणि माथ्यावर फिरवायचा आडवा दांडा. कुठल्याशा बंद पडलेल्या छापखान्यातून तो आला होता. पुस्तक शिवून, खळ लावून झालं की ते शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवावं लागतं. नाहीतर वाळताना ते फुगतं, वाकडं होतं. ग्रंथालयात कॉलेजचा शिकंजा होता. एप्रिलअखेर दप्तरीभाऊ निवृत्त होणार होता.

“घरी मी पुस्तकावर पाटा ठेवून पायला, सर. वरून वरवंटा. माह्या बायकोले दोन दिवस चटणी वाटता आली नाई, अन् पुस्तक निंघालं खाटेवानी. शाळावाले असलं घेत नाईत. शिकंजा भेटला तं घरी बसून काम करीन. नाई भेटला तं नुसता घरी बसीन.”

“मग घेऊन टाका.”

“असं घेऊन टाकत नसतात,” तो म्हणाला. “मी त्याच्याकडं एकडाव जरी नीट पायलं तं सेठ भाव चढवन. अजून त्याले तो तोडायचं लोखंड वाटून राहिला. सेठ वजनावर देईन. आठ महिने मी साखळीचा भाव विचारून राहिलो.”

मला ही चाल फार आवडली. मी त्याला मनापासून यश चिंतलं. आणि तीनच आठवड्यांनी सगळं घालवलं.

त्याचं असं झालं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दप्तरीभाऊ यायच्या आधी मी दुकानात पोचलो. चाचांनी स्प्रिंगा हलवल्या होत्या, त्यामुळे शिकंजा पुरा दिसत होता. जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्या कमानीवर गंजाखाली ओतीव अक्षरं होती, विलायतेतल्या कुठल्या तरी गावाचं नाव, आणि कडेने वेलबुट्टी. मी रुमालाने पुसलं. चाचांनी विचारलं, “क्या लिखा है, प्रोफेसर साब?”

मला एवढंच विचारायला हवं असतं. मी सांगितलं. मग छपाईचा इतिहास सांगितला. हे यंत्र समुद्रातून कसं आलं असेल, ही वेल विलायतेतल्या ओताऱ्याने लाकडी साच्यावर कशी कोरली असेल, असं काम आता कुणी करत नाही, हे शंभर वर्षांचं तरी असावं. बोलताना मी एक हात कमानीवर ठेवला होता. सभांमधले वक्ते जी जी लकब करतात, ती ती त्या दिवशी मी केली असणार. वर्गात माझं व्याख्यान इतकं लक्ष देऊन कुणी कधी ऐकलं नव्हतं. चाचांनी पोराबाळांच्या गोष्टी सांगणं थांबवलं, चष्मा लावला, आणि मी संपवलं तेव्हा मागे वळून पाहतो तो दारात दप्तरीभाऊ उभा.

त्या दिवशी त्याने साखळीचा भावही विचारला नाही. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाला, “शंभर वर्षं म्हटलं तुम्ही?”

“अंदाज होता.”

“कमी सांगता आला असता अंदाज.”

पुढच्या शनिवारी शिकंजा दुकानाच्या दर्शनी बाजूला, एका चौरंगावर विराजमान झाला होता. खाली लाल कापड होतं. चाचा सिव्हिल लाइन्सच्या एका गृहस्थांना माहिती देत होते, आणि माझे शब्द मी जन्मात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. विलायतेचा ओतारी, लाकडी साचा, समुद्रप्रवास, सगळं क्रमवार. फक्त शंभराची दीडशे वर्षं झाली होती. गृहस्थ मोठ्या हुद्द्यावरून नुकतेच निवृत्त झाले होते आणि नव्या बंगल्याची बैठकीची खोली सजवत होते. त्यांनी बैलगाडीचं एक चाक आणि चर्चची की मंदिराची नक्की माहीत नसलेली एक पितळी घंटा आधीच घेतली होती. “असं वाटलं पाहिजे,” ते मला म्हणाले, “की आजोबांच्या वेळेपासून घरात आहे.” त्यांचे आजोबा काय करायचे ते मी विचारलं नाही. कलाकृतीला शनिवार लागत नाही म्हणत त्यांनी विसार दिला, रंगकाम आटोपलं की गाडी पाठवतो म्हणाले आणि गेले.

थोड्या वेळाने दप्तरीभाऊ आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्याने ती ऐकून घेतली. मग चाचांना म्हणाला, “सेठ, बंगल्यात जाऊन राहिला तं असा जाईन का तो? भंगारावानी दिसते. मी साफ करून देतो. फुकट.”

फुकट हा शब्द गल्लीत क्वचितच ऐकू येत असे. चाचांनी लगेच रॉकेलची बाटली पुढे केली.

पुढचे चार शनिवार मी जे पाहिलं, त्याला बाजारातला फेरफटका म्हणता येणार नाही, पण माझ्या बाजारातल्या सगळ्या फेरफटक्यांत तेच जास्त लक्षात राहिलं आहे. दप्तरीभाऊने शिकंजा सगळा सुटा केला. स्क्रूच्या आट्यांतला गंज त्याने सुतळीने काढला. रॉकेलात भिजवलेली सुतळी आट्यात बसवायची, दोन टोकं धरून ओढायची, एक आटा झाला की पुढचा. पाट तो विटेच्या भुकटीने घासायचा. मधूनमधून तळवा फिरवून पाहायचा. शेजारचे दुकानदार येऊन बसत आणि सल्ले देत. एकाने विचारलं, “काय गा, दुसऱ्याच्या नवरीले तू काहून हळद लावून राहिला?” सगळे हसले. दप्तरीभाऊही हसला, पण हात थांबवला नाही. मी बाजूच्या डब्यावर बसून खजील होत होतो. दर शनिवारी यंत्र जरा अधिक त्याचं झाल्यासारखं दिसे, आणि दर शनिवारी ते त्याच लाल कापडावर दुसऱ्याचं म्हणून ठेवलं जाई.

मधल्या काळात कॉलेजात निरोप समारंभाची समिती बसली. बाजाराची आवड म्हणून मलाही घेतलं होतं. मी सुचवलं, शाल-श्रीफळाऐवजी दप्तरीभाऊला दुसरीकडून शोधून एखादा शिकंजा द्यावा. “मंचावर लोखंड?” प्राचार्य म्हणाले. “ते खांद्यावर कसं घालणार?” एका ज्येष्ठ सहकाऱ्याने निदर्शनास आणलं की समारंभ शनिवारी आहे. विषय तिथेच संपला.

समारंभ एप्रिलच्या अखेरीस झाला. सकाळी दहालाच भिंती तापलेल्या होत्या. सभागृहातला कूलर पाहुण्यांच्या दिशेने वळवला होता. अडीच तासांत नऊ जण बोलले. त्यांतल्या तिघांनी दप्तरीभाऊला ग्रंथालयाचा आधारस्तंभ म्हटलं. त्या तिघांपैकी एकालाही मी ग्रंथालयात पाहिलेलं नव्हतं. मग त्याच्या अंगावर लोकरी शाल घालण्यात आली. घामाचे ओघळ कानामागून कॉलरमध्ये जात होते आणि तो हात जोडून उभा होता. उत्तरादाखल चार शब्द बोला म्हटल्यावर तो माइकजवळ गेला, म्हणाला, “पुस्तकं वाचा, पण पान दुमडू नका,” आणि खाली उतरला. त्या दिवशीचं सगळ्यात बरं भाषण तेच होतं.

बाहेर आल्यावर त्याने शालीची घडी केली. मी विचारलं, आता काय?

“काय म्हंजे? शनिवार हाय. चला.”

दुपारचे दोन वाजले होते. सायकलरिक्षावाल्यांनीसुद्धा तोंडाला पांढरे दुपट्टे गुंडाळले होते. आम्ही गल्लीत पोचलो तेव्हा चाचांच्या दुकानासमोर मोटार उभी होती. बंगल्याचे गृहस्थ शिकंजा न्यायला आले होते. दप्तरीभाऊ क्षणभर थबकला. मग बाहेरच्या फळीवर जाऊन बसला, शाल मांडीवर ठेवून.

गृहस्थ शिकंज्याभोवती एकदा फिरले. परत फिरले.

“हा तो नव्हे,” ते म्हणाले.

“वहीच है, साब. साफ किया हुआ.”

“साफ कुणी करायला सांगितलं? अहो, हा कालपरवा कारखान्यातून आल्यासारखा दिसतो. त्याच्यावर ते जे होतं ना, ते तांबूस, जुनं…”

“जंग?”

“हां. तीच तर मजा होती.”

चाचांनी वेल दाखवली, अक्षरं दाखवली, विलायतेच्या ओताऱ्यापर्यंत आले. गृहस्थ ऐकेनात. बैठकीत असं चकचकीत यंत्र ठेवलं तर लोक विचारतील, कसला कारखाना काढला. विसाराचे पैसे परत घेऊन ते मोटारीत बसले. जाता जाता मात्र ढिगातला एक फुटका कंदील त्यांनी पसंत केला, आणि पुसू नका असं चाचांना दोनदा बजावलं.

मोटार गेली. गल्लीत कुणी नव्हतं. चाचा चौरंगाशेजारी बसून कपाळ पुसत होते. मी दप्तरीभाऊकडे पाहिलं. तो ढिगाकडे पाहत होता.

“सेठ,” तो म्हणाला, “त्या साखळीचा काय भाव?”

चाचांनी चष्मा काढला. “साखळी तर मैं दिवाली में ही बेच चुका. ये दुसरी है, इससे आधी लंबी. तेरे को फरक समझा नहीं.” ते उठले. “साल होने आया तू साखळी पूछ रहा है और आंख वहां है. मेरे को क्या अंधा समझा? शिकंजा ले जाता क्या, बोल.”

दप्तरीभाऊचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले.

“कसा देता?”

“तौल के. तोडने को दिया तो लोहार की मजूरी मेरे कोही पडती है.” चाचांनी माझ्याकडे बोट केलं. “और प्रोफेसर साब बीच में नहीं बोलेंगे.”

मी तोंड उघडलेलंही नव्हतं. शिकंजा सुटा करून काट्यावर चढवताना माझा पांढरा सदरा कामी आला आणि कामातून गेला. दप्तरीभाऊने वजनाकडे पाहिलंच नाही. स्क्रू तेवढा त्याने शालीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतला, आट्याला धक्का लागू नये म्हणून. रिक्षात आमच्या पायाशी पाट होते. रिक्षावाला चढावर उतरून ढकलायचा, तेव्हा आम्हीही उतरत होतो.

वाटेत मी त्याला विचारलं, गंज काढला तर त्यांना नको होईल, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा समारंभातल्याइतकाच गंभीर होता. “सर, गंज हा लोखंडाचा रोग हाय. मी रोग काढला. बंगल्यात रोगालेच किंमत असते, हे मले कोन सांगनार?”

मी पुन्हा विचारलं नाही. आजही मला नक्की सांगता येणार नाही. ज्या निगुतीने तो सुतळी ओढत होता, ती डाव टाकणाऱ्याची नव्हती. पण डाव टाकणारा माणूस निगुतीने काम करू शकत नाही, असंही नाही.

त्याचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाट होती, ती भिंतीला उभी केल्याशिवाय शिकंजा बसेना. त्याची बायको पदर खोचून दाराशी उभी होती. शेजारणी जमल्या.

“अवो, हा पाव्हणा किती दिवस राहनार?” तिने विचारलं.

“आता इथंच राहनार.”

“मंग तुमी कुठं झोपनार?”

“पाहू वं. पाणी दे आधी सरांले.”

पाणी प्यायलो. तोवर त्याने स्क्रू बसवला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि दांड्याला एका बोटाने ढकललं. पाट आवाज न करता खाली आला. बायको पुढे झाली, तिनेही एका बोटाने ढकलून पाहिलं. मग आत गेली आणि नातीची जुनी पाचवीची पुस्तकं घेऊन आली, कोपरे दुमडलेली, पाठी सुटलेली. धाकट्या नातवाला ती जूनमध्ये लागणार होती.

“आधी घरचं,” ती म्हणाली.

दप्तरीभाऊने पुस्तकं जमिनीवर मांडली, एकेकाचा कणा अंगठ्याने चाचपला, आणि भूगोल उचलून दोरा शोधायला लागला.